डाळीची निवळ

तेलुगू मुलखातल्या या शहरात, विद्यानगरमधल्या आमच्या इमारतीत दिगंबरकाका दुसऱ्या मजल्यावर राहत आणि त्यांच्या दारासमोर माझे दार होते. मी मराठी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली, म्हणून ते मला ‘बाई’ म्हणत. वयाने मोठे असूनही ‘अहो बाई’ म्हणत, आणि त्यात किंचित थट्टा असे.

काकांचे सगळे नोकरीचे आयुष्य बसगाड्यांची वेळापत्रके आखण्यात गेले होते. निवृत्तीनंतर त्यांनी मुहूर्त काढायला घेतले. ते भिक्षुक नव्हते. पंचांग वाचायला ते वडिलांकडून शिकले होते, आणि शहरातल्या मराठी घरांतून कोणाचे बारसे, कोणाची वास्तुशांत, कोणाचे उष्टावण ठरायचे असले की माणसे आधी काकांकडे येत. दक्षिणा ते घेत नसत. नारळ घेत, आणि तोही काकूंच्या हाती सोपवून मोकळे होत. गाडी आणि मुहूर्त यांत त्यांना विशेष फरक वाटत नसे. “माणसं तीच, रस्ता तोच. कोण कधी निघणार, एवढंच ठरवायचं असतं,” असे ते म्हणत.

त्यांच्या घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला असे. किती वाजले, असे कोणी विचारले तर ते लगेच सांगत नसत, आधी विचारत, “कुठं जायचंय?” ठिकाण कळले की वेळेबरोबर बसचा क्रमांक, कोणत्या थांब्यावर उभे राहावे आणि कोणत्या खिडकीला ऊन लागणार नाही, हेही सांगत. शहरात मेट्रो येऊन बरेच दिवस झाले तरी त्यांच्या डोक्यातल्या बसगाड्या वेळेवर सुटत होत्या. आणि कोणीही घाई करू लागले की त्यांचे एक ठरलेले वाक्य येई: “दम धरा. गाडी येते.”

सुमतीकाकू यावर आतून उत्तर देत. “आमच्या लग्नाचा मुहूर्त यांनी स्वतः काढला. मला तासभर अंतरपाटामागे उभं केलं. तेव्हापासून दमच धरलाय.”

“लागली ना गाडी शेवटी?” काका म्हणत.

“लागली. पण बसायला जागा नव्हती.”

या दोघांना मूल नव्हते. काकांचे धाकटे भाऊ आणि भावजय लवकर गेल्यामुळे त्यांची दोन मुले, शुभदा आणि प्रसाद, याच घरात वाढली. प्रसाद नोकरीसाठी दोह्याला गेला. शुभदाने पुण्याच्या अभिजितशी लग्न केले आणि दोघांनी कुकटपल्लीला घर केले, कारण त्यांची कार्यालये त्याच बाजूला होती. तिला मुलगा झाला, ईशान. काकांच्या स्वभावाविषयी मला जे सांगायचे आहे ते या मुलापासून सुरू होते. त्याआधीचे काका गमतीचे होते; नंतरचे काका मला अधिक नीट कळले.

आपल्याकडे बाळाला पहिले अन्न मामाने भरवायचे असते. मुलाचे उष्टावण सम महिन्यात आणि मुलीचे विषम महिन्यात करतात, हेही बहुतेक घरांत पाळले जाते. ईशानचा सहावा महिना आला तेव्हा प्रसादची रजा मंजूर झाली नाही. सातवा मुलाला चालत नाही. आठव्यात रजा मिळाली, तर लांबच्या भाऊबंदांत सुतक निघाले. नववा पुन्हा विषम. काकांनी दहाव्यातला दिवस धरला. ते हट्टाने असे करत होते, असे मला तेव्हाही वाटले नाही. त्यांना एक चित्र हवे होते. “भावाची दोन्ही लेकरं एका फोटोत यायला हवीत, बाई,” असे त्यांनी मला जिन्यात थांबवून सांगितले होते. “एकीच्या मांडीवर बाळ, एकाच्या हातात वाटी. बस्स.”

मधल्या काळात शुभदाचा फोन आला. आमची दारे उघडी असत, त्यामुळे काकांचे बोलणे मला ऐकू आले.

“रडतोय? रात्री उठतोय? हौ, हौ. नक्को, भात नक्को, उष्टावणाआधी अन्न नाही द्यायचं... दम धर की गं, शुभे. अंगावरचं चालू आहे ना? मग डाळीची निवळ दे वरवरची. ती काही अन्न नव्हे.”

फोन ठेवून ते प्रसन्न चेहऱ्याने बाहेर आले. “पोरीला मधे एक थांबा काढून दिला,” म्हणाले. उष्टावण मोडायचे नाही आणि मूल उपाशीही ठेवायचे नाही, यासाठी आपल्याला सापडलेल्या त्या वाटेचा त्यांना अभिमान वाटत होता. डाळ शिजली की वर जे पातळ पाणी येते ती निवळ. तिला डाळीचा वास असतो, रंगही असतो. डाळ खाली राहते.

उष्टावणाला मी गेले होते. कुकटपल्लीचे घर झेंडूच्या माळांनी सजले होते, पुण्याहून अभिजितची आई आली होती, प्रसाद आदल्या दिवशी उतरला होता. चांदीच्या वाटीत खीर होती आणि भरवायला सोन्याची अंगठी. पाटावर बाळापुढे पुस्तक, पेन, नाणे आणि मातीचे ढेकूळ मांडले होते. मूल ज्याला हात लावील त्यावरून त्याचा पुढचा उद्योग ओळखायची गंमत. ईशानने कशालाच हात लावला नाही. तो प्रसादच्या मांडीवर पाठ टेकून बसला होता आणि समोरच्या वस्तूंकडे पाहत होता. अंगठीवरची खीर त्याने ओठांनी घेतली आणि पुन्हा तसाच बसला.

“किती शहाणं बाळ आहे,” कोणीतरी म्हणाले.

“मुळीच त्रास देत नाही,” अभिजितच्या आई म्हणाल्या. “दिवसभर पडून असतो बिचारा.”

काकांनी फोटो काढायला लावला. मनासारखा आला. तो पाहताना प्रसाद, ज्याने भाच्याला तोवर फक्त फोनच्या पडद्यावर पाहिले होते, हळूच म्हणाला, “काका, हा हसत का नाही?”

“झोप आली असेल.”

“सकाळपासून झोपच येतेय त्याला?” प्रसादने बाळाच्या डोळ्याची खालची पापणी बोटाने जराशी ओढली. घरात लहानपणी काकूंनी त्याची तशीच पाहिली असावी. आतला भाग पांढुरका होता. काकांनीही तो पाहिला. मग त्यांनी मनगट वळवून घड्याळ पाहिले, आणि मला आठवते, ते बराच वेळ पाहत राहिले, जणू त्यावरची वेळ त्यांना वाचता येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी बालरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे जायचे ठरले. काका माझ्या दारात आले. “तुम्ही चला, बाई. शिकवणाऱ्या माणसाला नीट ऐकायची सवय असते. मला आज काही ऐकू येणार नाही.” त्यांचे कान उत्तम होते.

डॉक्टरीणबाई तेलुगू होत्या. वजनाच्या काट्यावर ईशानला ठेवून त्यांनी काटा दोनदा पाहिला, रक्त तपासायला पाठवले, आणि शुभदाला विचारले, “ऊपर का क्या देते थे?”

“दाल का पानी,” शुभदा म्हणाली.

“पप्पु कट्टु,” डॉक्टरीणबाई शेजारच्या परिचारिकेला म्हणाल्या आणि दोघींनी एकमेकींकडे पाहिले. त्या पाण्याला त्यांच्याही भाषेत नाव होते, आणि ते त्या खोलीत पहिल्यांदा आलेले नव्हते.

मग त्यांनी ईशानची मूठ अलगद हातात घेतली. बाळाचे पोट साधारण एवढेच असते, त्या म्हणाल्या. आईचे दूध चालू राहू द्यायचेच. पण सहा महिने झाल्यावर एकट्या दुधावर वाढ भागत नाही, आणि जन्मताना बाळ शरीरात जे लोह साठवून आणते तेही त्या सुमारास संपत येते. अशा वेळी एवढ्याशा पोटात पाणी भरले तर पोट भरते, मूल गप्प होते, आणि मिळत काहीच नाही. गप्प मूल पोटभर जेवलेले असतेच असे नाही. हे सारे त्यांनी रागावून सांगितले नाही. धडा समजावून द्यावा तसे सांगितले.

“लेकिन इतना रुकने कू किसने बोला?” त्यांनी शेवटी विचारले.

शुभदाने ईशानचे टोपडे सारखे केले. अभिजितने खाली पाहिले. काकांनी हात वर केला.

वर्गात वर झालेले हात मी आयुष्यभर पाहिले. उत्तर येते म्हणून वर होणारा हात वेगळा आणि खिडकीची काच माझ्याच चेंडूने फुटली, असे सांगायला वर होणारा हात वेगळा. तो कोपरातून पुरता सरळ होत नाही. काकांचा तसा होता.

“मी बोललो,” ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिले. “ठीक है. अब गाढी खिचडी, घी डाल के. दाल, पालक मसल के, उस पे थोडा नींबू. और ये लोह की बूँदें.”

“कबसे?” काकांनी विचारले.

“घर गए कि.”

काकांनी मान हलवली. ‘घर गए कि’ हे त्यांनी काढलेल्या कोणत्याही मुहूर्तापेक्षा जवळचे होते. परतताना रिक्षात ते एकच वाक्य बोलले: “डाळ खालीच राहिली ना, बाई.”

ईशान सावरला. दोनेक महिन्यांत त्याच्या गालांवर रंग आला, वस्तू ओढायला लागला, काकांचे घड्याळ तोंडात घालू लागला. डॉक्टरीणबाईंनी वर्षभर त्याला पाहिले आणि मग येऊ नका म्हणाल्या. वैद्यकशास्त्राच्या बाजूने गोष्ट इथे संपते. काकांच्या बाजूने संपली नाही. ईशान चालायला इमारतीतल्या दुसऱ्या एका मुलापेक्षा उशिरा लागला, तेव्हा काका महिनाभर अस्वस्थ होते. पुढे शाळेत जाऊ लागल्यावर एकदा तो सहाचा पाढा म्हणताना अडला. काका माझ्याकडे आले.

“पाढे सगळीच मुलं विसरतात,” मी म्हणाले. “माझ्या वर्गात दरवर्षी विसरत.”

“हौ. पण सगळ्यांना मी थांबवलं नव्हतं, बाई.”

‘दम धरा’ हे शब्द मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकले नाहीत. आधी ते माझ्या लक्षात आले नाही. सुमतीकाकूंनी दाखवून दिले. “आता मी घाई केली तरी गप्प राहतात,” त्या म्हणाल्या, आणि हे त्यांना आवडले होते असे दिसले नाही.

मुहूर्त काढणे त्यांनी सोडले नाही. लग्नाचे, वास्तूचे ते पूर्वीसारखेच निगुतीने काढत. उष्टावणाला मात्र कोणी आले की संवाद असा होई:

“सहा महिने पुरे झाले?”

“परवा होतात.”

“मग परवाच.”

“काका, पंचांग तरी उघडा.”

“उघडलं. मिटलं. परवाच.”

“मामा नागपूरला आहे हो.”

“त्याला फोटो पाठवा. भूक नागपूरला नाही.”

काही घरे नाराज झाली. एक गृहस्थ दुसऱ्याकडून मुहूर्त काढून घेऊन आले आणि काकांना त्यांनी तो मुद्दाम दाखवला. काकांनी तो वाचला आणि म्हणाले, “उत्तम आहे. त्या दिवशी समारंभ करा. जेवण आजपासून द्या.”

सुलतान बाजारातला एक प्रसंग आठवतो. माझ्या एका विद्यार्थिनीच्या बाळासाठी मला चांदीची वाटी घ्यायची होती आणि काका सोबत आले होते. पेढीवर शेजारी एक तरुण जोडपे वाटी-चमचा निवडत होते. मराठी कानावर पडताच काका वळले.

“कितवा?”

“सातवा संपतोय,” ती मुलगी म्हणाली. “कार्यक्रम पुढच्या महिन्यात आहे.”

“आता काय देता?”

“आई म्हणते, डाळीचं पाणी पुरे तोवर.”

काकांनी काउंटरवरचा चांदीचा चमचा उचलला. “हा असा तिरका करायचा. त्यातलं चटकन सांडलं तर ते पाणी. थोडा वेळ धरून राहिलं, मग थबकन पडलं, तर ते अन्न. वाटी कोणतीही घ्या, पोरी, स्टीलची घ्या. पण आज संध्याकाळी डाळ-भात मऊ कुस्करा आणि वर चमचाभर तूप घाला.”

दुकानदार हवालदिल झाला. “काका, बोनी का टैम है. गिराक कू डराओ नक्को.”

“डराता नै, मियाँ. चमचा अच्छा है तुम्हारा.”

नवऱ्याला हे रुचले नव्हते. “तुम्ही डॉक्टर आहात का?” त्याने विचारले.

“नाही,” काका म्हणाले. “मी एकाला पाणी पाजलंय.”

मुलगी त्यांच्याकडे पाहत राहिली. त्या दोघांनी चमचा घेतला, वाटी घेतली नाही. दुकानदाराने आम्हाला चहा पाजला नाही.

परंतु या सगळ्यात एक गोष्ट होती जी बाहेरच्या कोणाला दिसली नसती. काका शुभदाच्या घरी जात, ईशानला गोष्टी सांगत, बसची चित्रे काढून देत. पण तिथे जेवत नसत. “जेवून आलोय,” म्हणत. सणाला गेले तरी म्हणत. पाणी पीत, तेवढेच. सुमतीकाकू एकट्या पानावर बसत. शुभदा वाढायची, वाट पाहायची, ताट उचलायची. मला वाटते, त्या घरात एक जेवण कोणाला वेळेवर मिळाले नाही, म्हणून स्वतःचे ते नाकारत होते. असे त्यांनी कधी सांगितले नाही, आणि मी विचारले नाही.

एका दिवाळीच्या दिवशी मीही तिथे होते. शुभदाने ताट आणून त्यांच्यापुढे ठेवले.

“जेवून—”

“काका, पाच वर्षं झाली. मला एकदा तरी रागवू द्या ना तुमच्यावर. तुम्ही संधीच देत नाही.”

“रागव की. मी तीच वाट पाहतोय. तू एक शब्द बोलली नाहीस.”

“कशी बोलू?” तिचा आवाज चढला नाही. “फोन मी केला होता. तो रडतोय, हे मला ऐकू येत होतं, तुम्हाला नाही. चमचा माझ्या हातात होता. तुम्ही नको म्हणालात आणि मी बरं म्हटलं, कारण मग माझ्यावर काही राहत नव्हतं. तुम्ही सगळं स्वतःकडे घेऊन बसलात, काका. माझा वाटासुद्धा.”

काकांनी ताट थोडे बाजूला सारले. मग म्हणाले, “तुझा वाटा मला नाही दिसत, शुभे.”

“मला दिसतो.”

ताट तसेच परत गेले. पण त्या दिवसापासून ‘जेवून आलोय’ हे वाक्य त्यांनी टाकले. नुसते ‘नको’ म्हणू लागले. मला तो प्रामाणिकपणा वाटला.

काका गेल्या थंडीत झोपेतच गेले. त्यांना पाहिल्याचे अगदी अखेरचे दिवसही मला आठवतात, पण मनात जे शेवटचे चित्र म्हणून राहिले आहे ते त्या थंडीआधीच्या पावसाळ्यातले, कुकटपल्लीच्या स्वयंपाकघरातले आहे.

शुभदाला दुसऱ्या खेपेला मुलगी झाली होती, ओवी. तिला सहा महिने पुरे व्हायच्या आदल्या दिवशी फोन आला. “काका, उद्या या. बाईंनाही आणा.”

“प्रसाद?”

“फोनवर बघेल.”

सुमतीकाकूंनी विचारले, “दिवस कसा आहे ते बघितलंत का?” काका चपला घालत होते. “शुभदानं बघितलाय,” म्हणाले.

माळा नव्हत्या, पाट नव्हता. ओवी उंच खुर्चीत बसून खुर्चीच्या फळीवर हात आपटत होती. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता आणि त्यात प्रसाद कार्यालयाच्या कपड्यांत दिसत होता. शुभदाने मुगाची मऊ खिचडी कुस्करून वाटीत काढली, त्यावर तूप सोडले आणि वाटी काकांच्या हातात दिली.

“मी?” काका म्हणाले. “मामा भरवतो.”

“मामा म्हणतोय, तुम्ही भरवा,” फोनमधून आवाज आला. “पटकन. मला मीटिंग आहे.”

काकांनी चमचा भरला. सवयीने तिरका केला. खिचडी धरून राहिली. तरी ते भरवेनात. ईशान, आता सहा वर्षांचा, दाराशी उभा राहून हे पाहत होता.

“आजोबा, मला कोणी भरवलं होतं?”

“तुझ्या मामानं.”

“ओवीएवढा असतानाच?”

शुभदा काही म्हणायच्या बेतात होती. काकांनी तिला खुणेने थांबवले. “नाही. बऱ्याच उशिरा. माझ्यामुळे.”

“मग तोपर्यंत मी काय खायचो?”

“आईचं दूध. आणि पाणी. डाळीच्या वरचं पाणी.”

ईशानने यावर विचार केला. त्याच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती. मुलांना वाटते तसे कुतूहल होते. “मला भूक नव्हती लागत?” त्याने विचारले.

ओवी हात आपटत होती, तेवढाच आवाज होता.

“लागत होती,” काका म्हणाले.

ईशान पुढे आला आणि त्याने चमचा मागितला. काकांनी दिला. त्याने तो ओवीच्या तोंडाशी नेला, तिने अर्धी खिचडी घेतली आणि अर्धी जिभेने बाहेर ढकलली. काकांनी हनुवटीखाली ओंजळ धरली. दुसरा घास, तिसरा. ओवी चौथ्यासाठी स्वतःच पुढे वाकली, तेव्हा ईशान मोठ्याने हसला. घड्याळाची तबकडी काकांच्या मनगटाच्या आतल्या बाजूला होती. तिच्यावर खिचडी सांडली आणि ती पुसायला ते थांबले नाहीत.

वाटी संपली. शुभदाने ओवीचे तोंड पुसले आणि मग काकांची ओंजळ पुसायला ओले फडके पुढे केले. काकांनी ओंजळीतल्या त्या कोमट, पिवळ्या गोळ्याकडे पाहिले. मग तो तोंडात टाकला आणि सावकाश, पुरता चावून, खाल्ला.

शुभदा फडके हातात घेऊन उभीच राहिली. थोड्या वेळाने तिने कपाटातून एक ताट काढले आणि काही न विचारता त्यांच्यापुढे मांडले.